गुणतक्त्याची झेरॉक्स

सातपूरला पाण्याच्या टाकीखालचं मैदान.
मी गुणलेखक, गेली सोळा वर्षं.
लोखंडी टेबल, लाल-निळं पेन,
मुलीच्या जुन्या कंपासमधली पट्टी.
चढाईला कोण गेलं, घोटा कुणी धरला,
बोनस झाला की नुसती माती उडाली,
सगळं माझ्याकडे काट्याफुल्यांत आहे.

यंदा आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ.
प्रेसशॉपची पोरं चौदा सामने खेळली,
तेरा जिंकली, एक बरोबरीत सुटला,
तोही देवळालीत, त्यांच्या मातीवर.
पहिली पाळी संपवून यायची,
डबे तसेच गाड्यांना लटकलेले.
निफाडकडे बागांत शेकोट्या पेटल्या, त्या रात्रीही
निवृत्ती बेंडकुळे अनवाणी उतरला
आणि सात पकडी केल्या.
सत्तावीस गुण. दुसऱ्याला एकवीस.
भद्रकालीचा संघ चौथा, पंधरा,
त्यातले दोन तर पंचवटीवाले
आलेच नाहीत म्हणून मिळालेले.

मग बाद फेरी.
पहिला विरुद्ध चौथा. रविवार. चाळीस मिनिटं.
एका पारड्यात अडीच महिने
आणि तराजू बघायला कुणाला वेळ नाही.

शेवटची चढाई. तीस-तीस.
जुनेद कोकणी, वय एकोणीस,
वडिलांबरोबर भांड्यांना कल्हई करणारा,
बोनस रेषेपार अंगठा टेकवून परत.
टेकला होता?
पंचांनी हात वर केला.
मी बारा फुटांवर होतो. मला नाही दिसलं.
मी लिहिलं: एकतीस.

अंतिम सामनाही त्यांनीच मारला.
निवृत्ती काही बोलला नाही.
बोटाची चिकटपट्टी सोडवत बसला,
जणू तेवढ्याचसाठी आला होता.

तुम्ही म्हणाल, अन्याय.
थांबा. नियम बदलला तेव्हा
वर गेलेल्या हातांत माझाही हात होता.
त्याआधी साखळीवरच निकाल लागायचा:
जो वर, त्याचा चषक. किराण्याचा हिशोब.
आणि एका वर्षी तीन आठवडे आधीच
सगळं कळून चुकलं. उरलेल्या सामन्यांना
मैदानावर थेटे सर, मी,
चहावाला (उधारी वसूल करायला),
आणि मधल्या रेषेवर झोपलेलं कुत्रं.
पोरं खेळत होती, जसं कुणी
गाव आल्यावरही एसटीत बसून राहावं.
मी जांभया मोजल्या.
म्हटलं, शेवटपर्यंत धाकधूक हवी.
हवी होती मला, भोगली निवृत्तीने.

आणि जुनेदचं तरी काय खोटं होतं?
त्याची आई रिक्षा करून आली होती,
शेवटच्या चढाईला डोळे मिटून बसली,
आणि नंतर तिच्या तोंडून जे निघालं
ते मी कुठल्या रकान्यात टाकू?
हिवाळाभर कोण चांगलं खेळलं, ते तक्त्यात आहे.
त्या संध्याकाळी कोण, तेही आहे, पुढच्या पानावर.
चषक मात्र आम्ही एकच करून आणला होता.

मंगळवारी निवृत्ती आला, कंपनीच्याच कपड्यांत,
हाताला ग्रीसचा वास.
वाटलं, तक्रार असेल, त्या बोनसची.
म्हणाला, "अण्णा, साखळीचं ते पान,
झेरॉक्स मिळेल का?
बाकी काही नको."

कोपऱ्यावर गेलो. दोन रुपये.
मशीनचा हिरवा उजेड सरकला
पहिल्या ओळीपासून आठव्यापर्यंत,
कुठेही न रेंगाळता.
त्याने पानाच्या चार घड्या करून खिशात घातलं,
दोन पावलं गेला, थांबला,
बाहेर काढलं, उलगडलं,
पुन्हा दुमडलं, जरा खालून.

म्हणाला, "घडी नावावर येत होती."